निकालाच्या आधी दिलेला शब्द



देवस्थानच्या वार्षिक उत्सवात किंवा महाजनांच्या सभेच्या निमित्ताने, शालान्त आणि उच्च माध्यमिक परीक्षांत विशेष यश मिळविणाऱ्या मुलामुलींचा गुणगौरव करण्याची प्रथा ठिकठिकाणी रूढ झालेली आहे. ही प्रथा स्तुत्य होय, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. श्रीफळ आणि प्रशस्तिपत्र घेऊन व्यासपीठावरून खाली उतरणाऱ्या नातवंडाला पाहून आजी-आजोबांचे डोळे पाणावतात, आणि कुटुंबाच्या कष्टांचे चीज झाल्यासारखे वाटते. परंतु त्याच सभामंडपात, मागच्या रांगेत, त्याच वयाचा दुसरा एक मुलगा किंवा दुसरी एक मुलगी बसलेली असते. तिचे नाव पुकारले जात नाही. 'यंदा हिचीही दहावी होती ना?' एवढाच प्रश्न शेजारच्या खुर्चीवरून आईला विचारला जातो, आणि आई विषय बदलते. विषय बदलल्याचे मुलीच्या ध्यानात येते. त्या घटकेला तिच्या मनात जे चालते, त्याचा विचार करण्यासाठी हे व्याख्यान आहे.

शाळकरी व किशोरवयीन मुलांचे मानसिक स्वास्थ्य हा विषय मोठा आहे. त्याचे सर्व अंगांनी विवेचन एका व्याख्यानात होणे शक्य नाही. म्हणून येथे एकच नगर आणि त्या नगरातील एकच प्रसंग आधाराला घेतला आहे. ते नगर म्हणजे हैदराबाद.

हैदराबादचा आणि मराठी माणसाचा संबंध आजचा नव्हे. निजामाच्या राजवटीत मराठवाडा त्या संस्थानचाच भाग होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू, आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दू. अशा परिस्थितीत मुलांना मातृभाषेतून शिकता यावे म्हणून केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्यासारख्या धुरीणांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विवेकवर्धिनी ही शिक्षणसंस्था उभी करण्यास हातभार लावला. त्या पिढीची चिंता अशी होती की, मुलाला शाळा मिळेल किंवा नाही. आज शाळांची वाण नाही. आजची चिंता निराळी आहे. शाळा मिळाली, शिकवणी मिळाली, वसतिगृह मिळाले, आणि या सर्वांच्या गर्दीत मूल मात्र हरवत तर नाही ना, ही ती चिंता होय.

दहावीनंतरच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला तेलंगणात 'इंटरमीडिएट' म्हणतात. अभियांत्रिकीकडे जाणारा विद्यार्थी गणित, भौतिक व रसायन हा गट घेतो, तर वैद्यकाकडे जाणारा जीवशास्त्राचा गट घेतो. या दोन वर्षांसाठी हैदराबाद व आसपासच्या परिसरात खाजगी निवासी महाविद्यालयांचे मोठे जाळे गेल्या काही दशकांत निर्माण झाले. पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत तास आणि सराव, आठवड्याला परीक्षा, गुणांनुसार तुकड्या, हा अशा पुष्कळ ठिकाणचा शिरस्ता. सोळा वर्षांचे मूल घरापासून दूर, ज्यांच्याशी स्पर्धा करावयाची त्यांच्याच सहवासात, महिनोन् महिने राहते. या व्यवस्थेतून विद्यार्थ्यांवर येणारा ताण इतका उघड झाला होता की, अविभक्त आंध्र प्रदेशाच्या शासनाने २००१ सालीच प्रा. नीरदा रेड्डी यांच्या अध्यक्षतेखाली या प्रश्नाचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली होती. म्हणजे धोक्याची सूचना अगोदर मिळालेली होती.

यानंतर १८ एप्रिल २०१९ हा दिवस उजाडला. त्या दिवशी तेलंगणाच्या इंटरमीडिएट परीक्षेचे निकाल जाहीर झाले. सुमारे साडेनऊ लाखांहून अधिक विद्यार्थी परीक्षेला बसले होते. त्यांपैकी तीन लाखांहून अधिक अनुत्तीर्ण ठरले. निकालपत्रांत चुका असल्याच्या तक्रारी लगेच येऊ लागल्या. एका विद्यार्थिनीला एका विषयात शून्य गुण दाखविण्यात आले होते, आणि फेरतपासणीत ते नव्याण्णव असल्याचे आढळले. शासनाने चौकशीसाठी तीन सदस्यांची समिती नेमली, आणि अनुत्तीर्ण ठरलेल्या सर्वांच्या उत्तरपत्रिकांची विनामूल्य फेरपडताळणी करण्याचा निर्णय घेतला. त्या पडताळणीत १,१३७ विद्यार्थी उत्तीर्ण असल्याचे निष्पन्न झाले. परंतु तोपर्यंत निकालानंतरच्या थोड्याच दिवसांत राज्यातील वीसहून अधिक मुलामुलींनी आपले आयुष्य संपविल्याच्या वार्ता प्रसिद्ध झालेल्या होत्या.

कोणत्याही मुलाने असे टोकाचे पाऊल उचलावे यामागे एकच एक कारण असत नाही, ही गोष्ट प्रथमच स्पष्ट केली पाहिजे. जुनी दुखणी, निराशेचा आजार, घरातील किंवा मित्रांमधील ताण, एकटेपणा, अशा अनेक गोष्टी आधीपासून साचलेल्या असतात, आणि निकाल हे त्यावरचे शेवटचे ओझे ठरते. म्हणून त्या घटनेचा दोष एखाद्या आईबापाच्या किंवा एखाद्या गुणपत्रिकेच्या माथी मारून मोकळे होणे हे अन्यायाचे होय आणि अज्ञानाचेही. तथापि त्या एप्रिल महिन्याने जो धडा दिला तो विसरण्यासारखा नाही. ज्या कागदावर विसंबून घरोघरी मुलांची किंमत ठरविली जाते, तो कागद प्रसंगी सपशेल चुकीचा असू शकतो. आणि निकाल लागल्यानंतर तो तपासून घेण्यासाठी, दुरुस्त करून घेण्यासाठी, पुरवणी परीक्षा देण्यासाठी वेळ असतो. तो वेळ मुलाच्या हाती राहावा, एवढी सोय मात्र घरातील माणसांनी निकालाच्या आधी करून ठेवावयाची असते.

येथे कोणी असे म्हणेल की, 'निकाल चुकला हा अपवाद झाला. एरवी नापास तो नापासच.' या आक्षेपाला थोडे गणित हेच उत्तर आहे. वैद्यकीय प्रवेशासाठी देशभर होणाऱ्या 'नीट' परीक्षेला २०२४ साली तेवीस लाखांहून अधिक विद्यार्थी बसले. त्या सुमारास देशातील एम.बी.बी.एस.च्या एकूण जागा एक लाखाच्या थोड्या वर होत्या. म्हणजे सर्व मुलांनी जिवापाड अभ्यास केला, एकानेही आळस केला नाही, तरी साधारणतः वीस जणांपैकी एकालाच जागा मिळणार आणि उरलेल्या एकोणीस जणांना दुसरी वाट धरावी लागणार. हे एकोणीस जण बुद्धीने मंद म्हणून मागे राहिले असे नव्हे. जागाच नाहीत. तेव्हा अपयश ही या व्यवस्थेतील आकस्मिक आपत्ती नसून तिचा नित्याचा, आगाऊ ठाऊक असलेला भाग आहे. पावसाळा येणार हे ठाऊक असताना घर शाकारून न ठेवणाऱ्याला जसे कोणी शहाणा म्हणणार नाही, तद्वत् निकाल येणार हे ठाऊक असताना मुलाच्या मनाची तयारी न करणाऱ्या घरालाही सुज्ञ म्हणता येणार नाही.

मुलांच्या मनाचे आजार हे श्रीमंतांचे किंवा शहरांचे चोचले आहेत, असा एक समज अद्याप आढळतो. वस्तुस्थिती तशी नाही. २०१५-१६ साली बंगळूरच्या 'निम्हान्स' या संस्थेने देशातील बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात १३ ते १७ वर्षे वयाच्या मुलामुलींपैकी ७.३ टक्के जणांना कोणता ना कोणता मानसिक आजार असल्याचे दिसून आले, आणि मुलगे व मुली यांत फारसा फरक आढळला नाही. याचा अर्थ असा की, पन्नास मुलांच्या एका वर्गात सरासरीने तीन-चार मुले अशी असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगातील १० ते १९ वर्षांच्या दर सात मुलांमागे एकाला असा त्रास असतो. याच राष्ट्रीय सर्वेक्षणात आणखी एक गोष्ट पुढे आली. मानसिक आजार असलेल्या बहुसंख्य लोकांना कसलेच उपचार मिळत नाहीत. यामागे डॉक्टरांची उणीव हे एक कारण आहे. परंतु दुसरे कारण घरातच आहे, आणि ते म्हणजे लौकिकाची भीती. मुलाचा पाय मोडला तर गावभर सांगितले जाते, पण मन मोडले तर दार लावून घेतले जाते. 'उद्या हिच्या लग्नाच्या वेळी कोणी काढले तर?' हा विचार औषधाच्या आड येतो.

किशोरवयाचे स्वरूपही थोडे समजून घेणे अगत्याचे आहे. साधकबाधक विचार करणारा, भावनेला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग वयाच्या विशीनंतरही काही वर्षे परिपक्व होत असतो. याउलट सुखदुःखाचा आवेग मात्र या वयात पूर्ण जोराने येतो. म्हणून प्रौढाला जी नामुष्की आठ दिवसांची वाटते, ती पंधरा वर्षांच्या मुलाला जन्माची वाटते. ते ढोंग करीत नसते, त्याला खरोखरच पुढचे दिसत नसते. अशा वेळी ज्याला पुढचे दिसते असा एक मोठा माणूस त्याच्याजवळ असणे आवश्यक असते. झोपेचेही तसेच. या वयात शरीराचे घड्याळच पुढे सरकते, रात्री झोप उशिरा येते आणि सकाळी जाग येत नाही. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला रोज आठ ते दहा तास झोप हवी, असे तज्ज्ञ सांगतात. पहाटे चारला उठवून रात्री अकरापर्यंत बसविलेल्या मुलाची स्मरणशक्ती वाढत नाही, घटते. चिडचिड, रडू येणे, धास्ती या गोष्टी त्या अपुऱ्या झोपेतूनही उद्भवतात. खेळ व व्यायाम यांचीही तीच कथा. अभ्यासासाठी प्रथम मैदान तोडणारे घर वस्तुतः अभ्यासाचाच पाया काढून घेत असते.

दुःख आणि आजार यांतील भेद ओळखावा कसा, असा प्रश्न पालक विचारतात. परीक्षेच्या आधी पोटात गोळा येणे, मित्राशी भांडण झाल्यावर दोन दिवस तोंड पाडून बसणे, हे स्वाभाविक होय. त्यावर डॉक्टरांची गरज नसते, थोडी उसंत पुरते. परंतु दोन आठवड्यांहून अधिक काळ मूल उदास किंवा सतत चिडलेले असेल, झोप किंवा भूक एकदम कमी अथवा जास्त झाली असेल, आवडीचा खेळ किंवा छंद सोडून दिला असेल, मित्र टाळले असतील, कारण न सापडणारी पोटदुखी किंवा डोकेदुखी शाळेच्या दिवशी सकाळी उद्भवत असेल, तर तिकडे दुर्लक्ष करू नये. आणि 'माझा काही उपयोग नाही', 'मी नसलेलाच बरा' अशा अर्थाचे बोलणे कानी पडले, किंवा मूल आपल्या लाडक्या वस्तू उगाच इतरांना वाटू लागले, तर एक दिवसही थांबू नये.

अशा वेळी विचारावे की न विचारावे, या संभ्रमात घरे अडकतात. जीव देण्याविषयी विचारले तर तो विचार मुलाच्या मनात आपणच पेरू, अशी भीती वाटते. ही समजूत चुकीची आहे, असा अभ्यासकांचा निर्वाळा आहे. शांतपणे, जवळ बसून, 'जगणे नकोसे वाटते का रे?' असे विचारल्याने विचार पेरला जात नाही. उलट, जे मूल एकटेच ते ओझे वाहत असते, त्याला ते खाली ठेवण्याची पहिली जागा मिळते. विचारल्यावर मात्र ऐकावे. मध्येच उपदेश करू नये, शपथा घालू नयेत, 'तुझ्यासाठी आम्ही काय काय केले' याचा हिशेब मांडू नये. मुलाला एकटे सोडू नये, आणि तज्ज्ञांकडे नेण्यास विलंब लावू नये.

आणखी एका गटाकडे लक्ष वेधणे जरूर आहे. कित्येक लहान मुले वाचताना अक्षरे चुकवितात, लिहिताना शब्द गाळतात, आकडेमोडीत अडखळतात, आणि त्याबद्दल वर्षानुवर्षे बोलणी खातात. त्यांपैकी काहींना अध्ययन-अक्षमता असते, बुद्धी मात्र उत्तम असते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने विशिष्ट अध्ययन-अक्षमतेला मान्यता दिली आहे, आणि अशा मुलांना परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती मिळू शकतात. सिकंदराबादेत बौद्धिक अक्षमतेच्या क्षेत्रात काम करणारी राष्ट्रीय संस्था १९८४ सालापासून उभी आहे. एर्रागड्डा येथे मानसिक आरोग्याचे शासकीय रुग्णालय आहे. मराठी पालकांना ठाण्याची, डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या पुढाकाराने १९९० साली सुरू झालेली मानसिक आरोग्याची संस्था परिचित आहेच. सांगण्याचा हेतू हा की, साधने नाहीत असे नाही. जो मुलगा 'ढ' म्हणून दहा वर्षे ओळखला गेला, त्याची वेळीच तपासणी झाली असती तर ते विशेषण त्याला चिकटलेच नसते.

कायद्यानेही या बाबतीत काही पावले टाकलेली आहेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्यांचा मानसिक छळ करण्यास मनाई केली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशी भूमिका घेतली की, जीव देण्याचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे मानावे आणि शासनाने तिला शिक्षेऐवजी उपचार व आधार द्यावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर अशा प्रयत्नाला गुन्हा ठरविणारे जुन्या दंडसंहितेचे ३०९ वे कलम राहिलेलेच नाही. म्हणून पोलिसांच्या भीतीने मुलाचा प्रयत्न लपविण्याचे कारण उरलेले नाही.

त्याहून अलीकडची गोष्ट २५ जुलै २०२५ ची. आंध्र प्रदेशातील विशाखापट्टणम येथे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने देशातील शिक्षणसंस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक निर्देश दिले. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, गुणांनुसार तुकड्या पाडू नयेत, चारचौघांत मुलाचा पाणउतारा करू नये, शिक्षक व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण द्यावे, ही त्यांतील काही सूत्रे. शिकवणी वर्ग आणि वसतिगृहेही यातून सुटलेली नाहीत. पालकांनी मुलाला प्रवेश घेताना शुल्क, निकालाची टक्केवारी आणि जेवणाची सोय विचारावी तशीच 'आपल्याकडे समुपदेशक कोण? ते कोणत्या वारी, किती वेळ भेटतात?' ही चौकशीही अवश्य करावी. विचारणारे पालक वाढले म्हणजे संस्थाही सुधारतात.

तथापि न्यायालयाचा आदेश घराच्या उंबरठ्यापर्यंतच येऊ शकतो. आत काय बोलले जाते, हे घरातील माणसांच्याच हाती असते. या सर्व विवेचनातून जी एक गोष्ट हाती घ्यावयाची, ती ही की, निकालाच्या आधी मुलाला शब्द द्यावा. निकाल लागल्यानंतर काढलेली समजूत मुलाला खरी वाटत नाही. त्याला ती दया वाटते. आधी दिलेला शब्द मात्र त्याच्यापाशी राहतो. परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की एखाद्या निवांत संध्याकाळी आईवडिलांनी दोघांनीही मुलाजवळ बसून स्पष्ट सांगावे: निकाल काहीही लागला तरी प्रथम घरी ये. निकाल आपण एकत्र पाहू. कमी गुण आले तर उत्तरपत्रिका पुन्हा तपासून घेऊ, पुरवणी परीक्षेचा अर्ज भरू, नाहीतर दुसरी वाट शोधू. त्या दिवशी घरात कोणी रागावणार नाही, आणि नातेवाइकांच्या फोनला उत्तर आम्ही देऊ, तू देऊ नकोस. हे शेवटचे वाक्य वरवर क्षुल्लक दिसते, परंतु मुलाच्या छातीवरचा अर्धा भार त्यानेच उतरतो. कारण पुष्कळदा मुलाला आईबापाच्या रागापेक्षा, आपल्यापायी आईबापांना खाली पाहावे लागेल याचेच भय अधिक असते.

असा शब्द दिल्यावर तो पाळावाही लागतो. निकालाच्या संध्याकाळी नित्याप्रमाणे जेवणे व्हावीत. काकांच्या मुलाचे गुण, शेजारच्या मुलीचा क्रमांक यांची वाच्यता होऊ नये. पुढील निर्णय त्याच रात्री घेऊ नयेत. आजोबांनी नातवाला नेहमीप्रमाणे फिरावयास घेऊन जावे. जे मूल त्या दिवशी गप्प असते त्याला बोलते करण्याचा अट्टाहास करण्यापेक्षा, त्याच्या सोबत राहणे अधिक मोलाचे. एकत्र कुटुंबे मोडली, घरे लहान झाली, आईवडील दोघेही नोकरीवर जाऊ लागले. तरीही मुलाला आपले म्हणता येईल असे एक वडीलधारे माणूस, मग ती मावशी असो, आत्या असो, वा जुने मास्तर असोत, प्रत्येक घराने जाणीवपूर्वक जोडून ठेवावे. आईबापांना सांगता येत नाही ते मूल अशा माणसाला सांगते.

एक दार बंद झाले म्हणजे सर्व संपत नाही, याचा दाखला हैदराबादच्याच इतिहासात आहे. १९३८ च्या अखेरीस उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत 'वंदे मातरम्' म्हणण्यावर बंदी आली. विद्यार्थ्यांनी ती मानली नाही, तेव्हा त्यांना काढून टाकण्यात आले. ज्या विद्यापीठासाठी घरदार सोडले त्याचेच दार बंद झाले. त्या वेळी त्यांच्यातील अनेकांना नागपूर विद्यापीठाने आपल्याकडे प्रवेश दिला. या आंदोलनात शिक्षणाला मुकलेल्या तरुणांपैकी एक पी. व्ही. नरसिंह राव हे होत. त्यांनी पुढे नागपूर विद्यापीठाची कायद्याची पदवी घेतली, १९९१ ते १९९६ या काळात ते देशाचे पंतप्रधान झाले, आणि २०२४ साली त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले. मराठी त्यांना उत्तम अवगत होती. हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली. प्रत्येक मूल पंतप्रधान होईल असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. तसे सुचविणे म्हणजे एका शर्यतीतून काढून दुसरीत उभे करण्यासारखे होईल. हेतू एवढाच की, त्या मुलांना दुसऱ्या नगरात कोणीतरी आत घेतले, म्हणून त्यांचे पुढचे आयुष्य घडले. आत घेणारे कोणीतरी असावे लागते.

महाजन संस्थेला या कामी पुष्कळ करता येण्यासारखे आहे, आणि त्याला मोठा खर्चही नाही. गुणगौरव चालू राहावा, परंतु तो केवळ टक्केवारीचा राहू नये. आजारी आजीची सेवा करीत परीक्षा दिलेली मुलगी, दुसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झालेला मुलगा, तबला, चित्रकला, पोहणे यांत रमलेली मुले, उत्सवात स्वयंसेवक म्हणून राबलेली मुले, यांचीही नावे त्याच व्यासपीठावरून आदराने घेतली जावीत. शिष्यवृत्तीच्या निधीतील काही भाग पुरवणी परीक्षा देणाऱ्यांसाठी आणि मानसोपचाराची गरज असलेल्या गरजू मुलांसाठी राखून ठेवावा, आणि त्याची वाच्यता होऊ देऊ नये. महाजन कुटुंबांत डॉक्टर आहेत, शिक्षक आहेत. त्यांपैकी इच्छुकांनी निकालाच्या आठवड्यात मुलांना व पालकांना दूरध्वनीवर उपलब्ध राहावे. आणि ज्यांना तरुणपणी अपयश आले, पण ज्यांचा संसार पुढे सुखाने झाला, अशा ज्येष्ठांनी ते अपयश नातवंडांना सांगावे. घराण्यातील यशाच्या कथा मुलांनी ऐकलेल्याच असतात. अपयशानंतर माणसे कशी जगली, हे मात्र त्यांना कोणी सांगितलेले नसते.

अखेरीस एक व्यवहाराची सूचना. केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली-मानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा सुरू केलेली आहे. तिचा क्रमांक १४४१६. ती अहोरात्र चालते, आणि मराठीतूनही बोलता येते. बालकांच्या मदतीसाठी १०९८ आणि तातडीच्या प्रसंगी ११२ हे क्रमांक आहेत. प्रत्येक घरात देवघराशेजारच्या किंवा स्वयंपाकघराच्या भिंतीवर दिनदर्शिका टांगलेली असते. तिच्यावर हे तीन आकडे ठळक लिहून ठेवावेत, म्हणजे ज्याला ते मोठ्याने मागता येणार नाहीत त्याच्याही नजरेस ते पडतील. निकालाचे महिने दरवर्षी येतच राहतील. ते येण्यापूर्वीची एक निवांत संध्याकाळ प्रत्येक घराने आपल्या मुलासाठी राखून ठेवावी, आणि तो शब्द द्यावा, एवढीच सर्व महाजन कुटुंबांना नम्र विनंती.